शिंपल्यांच्या दोरांखालचा काळा गाळ

आपण विचारले आहे की, डेन्मार्कच्या लिम्फयोर्ड खाडीत शिंपले वाढवण्यासाठी पाण्यात सोडलेल्या दोरांखालून काढलेला गाळ काळाकुट्ट निघाला, त्याला कुजक्या अंड्यांचा वास होता आणि वर कापसासारखा पांढरा पापुद्रा होता. तर हा एखाद्या घातक जिवाणूचा प्रादुर्भाव आहे का, आणि तळाशी टाकायची जिवाणूंची पावडर उपयोगी पडेल का. दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर नकारार्थीच आहे.

हे शिंपले, म्हणजे आपल्या शिणाण्यांचे भाऊबंद, पाणी गाळून सूक्ष्म वनस्पती खातात आणि त्यांची विष्ठा व न खाल्लेले, चिकट स्रावात गुंडाळून टाकलेले कण झपाट्याने खाली बसतात. एरवी खाडीभर विखुरले जाणारे अन्न असे दोरांखालच्या पट्ट्यात साचते. किनारी गाळात प्राणवायू मुळातच काही मिलिमीटरच उतरतो. तो संपला की जिवाणू नायट्रेट, मग मँगनीज व लोहाची ऑक्साइडे आणि शेवटी सल्फेट वापरून श्वसन करतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे अडीच ग्रॅमहून अधिक सल्फेट असल्याने खरा कारभार तिथेच चालतो. याच लिम्फयोर्डवरील १९७७ च्या अभ्यासात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बो बार्कर यॉर्गेन्सन यांना गाळातील सेंद्रिय पदार्थांपैकी सुमारे निम्म्यांचे विघटन सल्फेट वापरणाऱ्या जिवाणूंकडून होत असल्याचे आढळले होते, म्हणजे हे जिवाणू शिंपल्यांनी आणलेले नव्हेत. शिंपल्यांनी त्यांचे ताट फक्त भरून वाढले.

त्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड लोहाशी जुळून काळा आयर्न सल्फाइड होतो. हा गाळ बशीत उघडा ठेवून पाहा. हवेने त्याचा काळेपणा हळूहळू तपकिरी होतो. कोकणातल्या कांदळवनात गुडघाभर चिखलात उतरलेल्यांना हा रंग आणि वास दोन्ही ओळखीचे असतात. वासावरून मात्र प्रमाण ठरवू नये, कारण आपले नाक हा वायू अत्यल्प असतानाही ओळखते.

पांढरा पापुद्रा बहुधा बेजियाटोआचा असावा. हे तंतुमय जिवाणू सल्फाइडचे ऑक्सिडीकरण करून जगतात आणि पेशींत गंधकाचे कण साठवतात, म्हणून पांढरे दिसतात. यांच्याच अभ्यासातून १८८७ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राडस्कींनी अकार्बनी पदार्थांवर जगणाऱ्या सजीवांची कल्पना मांडली. त्यांच्यापेक्षाही विलक्षण म्हणजे डेन्मार्कमधील आरहूसच्या संशोधकांनी २०१२ मध्ये वर्णिलेले केबल जिवाणू. सेंटिमीटरभर लांबीच्या या तंतूंतून इलेक्ट्रॉन खालच्या सल्फाइडकडून वरच्या प्राणवायूकडे वाहतात आणि त्या ओघात विरघळलेले लोह पृष्ठभागाशी ऑक्साइडचा थर धरते. नेदरलँड्समधील ग्रेव्हेलिंगेन सरोवरात वसंतात घडलेला असा थर उन्हाळ्यात सल्फाइड अडवून धरतो. तेव्हा पापुद्रा हे पहाऱ्याचे लक्षण आहे. मात्र पहाऱ्याची गरज पडावी इतके सल्फाइड पृष्ठभागापर्यंत येत आहे, एवढी सूचनाही त्यातून मिळते.

माझ्या मते खरी काळजी नायट्रोजनची करावी. सल्फाइड वाढले की, सेंद्रिय पदार्थ कुजताना सुटणाऱ्या अमोनियम या नायट्रोजनच्या संयुगाचे नायट्रेट करणारे जिवाणू मंदावतात, नायट्रेटच नसल्याने त्याचा नायट्रोजन वायू होऊन बाहेर पडण्याचा मार्ग आखडतो आणि अमोनियम पुन्हा पाण्यात येते. लिम्फयोर्डचाच फाटा असलेल्या स्किव्हे फ्योर्डमध्ये पाण्यातील नायट्रोजनसारखी पोषकद्रव्ये कमी करण्यासाठी शिंपले वाढवण्याचा मोठा प्रयोग झाला आहे. अशा ठिकाणी काढलेल्या शिंपल्यांबरोबर किती नायट्रोजन गेला याबरोबरच तळाने किती परत दिला हेही मोजावे लागते.

पावडरीतून गाळात आधीच नसलेले असे काही नवे येत नाही. कमतरता आहे ती प्राणवायूची. दोर विरळ करणे, प्रवाह बरा असलेली जागा निवडणे आणि काही हंगाम तळाला विसावा देणे, एवढेच हाती आहे. पारदर्शक नळीने गाळाचा स्तंभ काढून वरच्या तपकिरी थराची जाडी दर महिन्याला नोंदवा आणि शेतापासून दूरच्या एका जागेचीही नोंद जोडीला ठेवा, नाहीतर ऋतूचा परिणाम कोणता आणि शिंपल्यांचा कोणता हे कळणार नाही.