बकथॉर्नची वई आणि आपली बोर

टिळकवाडीतील घराच्या परसात काटेरी वई करायची असून, परदेशी चित्रफितींत दिसणारे बकथॉर्न त्यासाठी बेळगावच्या हवेत येईल का, आणि त्याची छाटणी कधी करावी, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की, त्याच्या मागे लागू नये. ते थंड प्रदेशातले झुडूप आहे, आणि त्याची काळी फळे खाण्याजोगी नसून जुलाब करणारी आहेत. एकोणिसाव्या शतकात कुंपणासाठी म्हणून ते युरोपातून अमेरिकेत नेले गेले. पक्ष्यांनी बिया पसरवल्या आणि ते जंगलांत इतके माजले की मिनेसोटासारख्या राज्यात त्याच्या विक्रीवर आता बंदी आहे. लडाखचे सी-बकथॉर्न नावापुरतेच त्याचे नातलग, त्याचे कुळ निराळे.

खरे नातलग आपल्या दारात आहेत. बकथॉर्नच्याच ऱ्हॅम्नेसी कुळात आपली बोर येते, आणि खानापूरच्या रानात उन्हाळ्यात पांढरी फळे देणारी तोरणही येते. काटे हवेत, कमी पाण्यावर जगणारे हवे आणि वर खायला काही मिळाले तर उत्तम, अशी आपली अपेक्षा असेल तर बोरच लावावी. अथणी-रायबागकडच्या कोरड्या पट्ट्यात ती जितकी सुखाने वाढते तितकी बेळगाव शहरात वाढत नाही, कारण इकडे पाऊस त्या भागाच्या दुपटीहून अधिक पडतो. तरीही पाणी न साचणारी तांबडी जमीन आणि दिवसभर ऊन मिळाले तर तक्रार राहत नाही.

बोरीचे सोटमूळ फार लवकर खोल जाते, म्हणून पिशवीत महिनोन्‌महिने ठेवलेले रोप आणण्यापेक्षा बी जागेवरच लावलेले बरे. गावठी बोराची आठळी अडकित्त्यात हलक्या हाताने फोडली की आत बहुधा दोन चपट्या, तपकिरी बिया सापडतात. अख्खी आठळी पुरली तर कोंब यायला महिनाही लागतो; मोकळे बी आठवडाभरात वर येते. वईसाठी दोन-अडीच फुटांवर एकेक रोप राखावे. चांगल्या फळांसाठी यांपैकीच टोकाच्या एका रोपावर पुढील पावसाळ्यात उमराण किंवा कडाका जातीचा डोळा भरून घ्यावा, म्हणजे त्या जातीच्या फांदीवरचा डोळा रोपाच्या सालीत बसवून कलम करावे; मात्र त्या झाडाला दोन्ही बाजूंनी किमान दहा-बारा फूट जागा मोकळी सोडावी.

छाटणीच्या बाबतीत माझीच फजिती सांगतो. लावल्यानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात झाडाची पाने पिवळी पडून गळू लागली, तेव्हा ते वाळते आहे असे समजून मी रोज दोन बादल्या पाणी घालू लागलो आणि शेणखतही दिले. मे महिन्यात जुन्याच फांद्यांच्या टोकांना लुसलुशीत फूट आली, मला आनंद झाला, आणि छाटणी राहून गेली. दिवाळीपर्यंत आत हात शिरणार नाही असे जाळे झाले, त्यावर भुरी, म्हणजे पांढऱ्या भुकटीसारखी बुरशी आली, आणि जी थोडी बोरे धरली ती शेंड्याला, शिडी लावूनही हाती न येणारी. पुढच्या वर्षी अथणीकडचे एक शेतकरी मामा घरी आले असता झाडाकडे पाहून म्हणाले, ‘‘निजलंय ते. कशाला उठवताय?’’ त्यांनी कोयता मागून घेतला आणि अर्ध्या तासात झाडाचा सांगाडा करून ठेवला. त्या वर्षी बोरन्हाणाला शेजारच्या तीन घरांना माझ्या झाडाची बोरे गेली.

त्यामागचे कारण साधे आहे. बोरीला फळ चालू वर्षाच्या नव्या फुटीवर, पानांच्या बेचक्यात धरते. जुन्या फांदीवर नव्हे. त्यामुळे एप्रिलमध्ये पाने गळू लागली की पाणी पूर्ण तोडावे, झाड उघडे पडू द्यावे, आणि गेल्या वर्षीची प्रत्येक फांदी बुंध्याकडचे पाच-सहा डोळे राखून कापावी. आपल्याकडे वळीव लवकर येतो आणि त्याच्या पहिल्या सरीबरोबर डोळे फुटू लागतात, म्हणून हे काम मेच्या पहिल्या आठवड्यापलीकडे लांबवू नये. मोठ्या जखमांना मोरचूद व चुन्याची बोर्डो पेस्ट लावावी. नुसत्या वईसाठीच्या झाडांना एवढी शिस्त नको. त्यांचे शेंडे वर्षातून दोनदा उडवले की ती खालून दाट होतात.

छाटणीनंतर डोळा भरलेल्या सांध्याच्या खालून येणारी फूट दर पंधरा दिवसांनी न चुकता काढून टाकावी. पाने बारीक आणि काटे जास्त असतील तर ती गावठी खुंटाची, म्हणजे ज्यावर डोळा भरला त्या मूळ रोपाची फूट समजावी. ती तशीच राहिली तर दोन वर्षांत वरची उमराण मागे पडते, आणि मग ‘नर्सरीवाल्याने फसवले’ अशी तक्रार होते. अशा तक्रारी मी पुष्कळ ऐकल्या आहेत. सांध्याखाली वाकून पाहिल्यावर त्यांतील बहुतेकांचे उत्तर तिथेच सापडले.

भुरीसाठी फळे वाटाण्याएवढी असताना लिटरला २ ग्रॅम पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक सकाळी फवारावे आणि पंधरवड्याने पुन्हा एकदा फवारावे. फळमाशीची अळी बोराच्या आतच वाढते आणि नंतर मातीत उतरून कोश करते; त्यामुळे गळालेली बोरे रोज वेचून लांब खोल पुरावीत, आणि उन्हाळ्यात झाडाखालची माती कुदळीने वीतभर उलथून उन्हात तापू द्यावी.