स्पॅनिशची क्रियापदं पाठ करून निघणार असशील तर

अगं, भुसावळहून नवऱ्याच्या नोकरीपायी स्पेनमध्ये सारागोसाला चाललीस, लेक सहा वर्षांची, आणि विचारतेस की निघायच्या आधी स्पॅनिश क्रियापदांचे प्रकार नि रूपं कशी शिकू. मी चोपड्याची, आता सारागोसातच राहते. व्हिसा, फी वगैरे कॉन्सुलेटच्या साइटवर आहे, ते सोडून देते.

क्रियापदं तीन जातीची, शेवटी आर, एर किंवा ईर. तो शेवट काढायचा, नवा लावायचा. आब्लार म्हणजे बोलणं: मी आब्लो, तू आब्लास, तो-ती आब्ला, आम्ही आब्लामोस, तुम्ही आब्लाइस, ते आब्लान. कोमेर म्हणजे खाणं: कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेइस, कोमेन. बिबीर म्हणजे राहणं, ते कोमेरसारखंच चालतं, फक्त आम्हीला बिबिमोस नि तुम्हीला बिबीस. बोलताना मी-तू लावायची गरज नसते, शेवटावरून कळतं. आपल्या अहिराणीत मी जास, तू जास, तो जास सगळं एकच, म्हणून सासूबाई आल्या तेव्हा त्यांना हे सगळं उगाचची कटकट वाटली, आणि खरं सांगू, मलाही वाटते.

मग वाकडी येतात. तेनेर (असणं, जवळ असणं) मध्ये मी तेंगो, तू तिएनेस, पण आम्ही पुन्हा सरळ तेनेमोस. केरेर (हवं असणं) चं किएरो, पोदेर (करता येणं) चं पुएदो. ही रोज लागतात, आधी हीच कर. गुस्तारला मात्र घाबरू नको, इंग्रजीवाले तिथे अडकतात, आपल्याला फुकट मिळतं: मला केळं आवडतं, मे गुस्ता, केळी आवडतात, मे गुस्तान. क्रियापद केळ्याप्रमाणे बदलतं, आपल्यासारखंच.

ऑफिसात मान देऊन तूऐवजी उस्तेद म्हणतात, पण क्रियापद तो-तीचंच. पत्त्याच्या नोंदणीला, पादरोनला गेले तर खिडकीवरच्या बाईने विचारलं, क्वांदो येगो? शेवटच्या अक्षरावर जोर, म्हणजे कधी आलात. पहिल्यावर जोर दिला तर मी पोचते. मी आपली गप्प, ती तेच मोठ्याने पुन्हा, मग घराच्या करारावर फक्त नवऱ्याचं नाव आहे म्हणून परत पाठवलं, आणि पुढची अपॉइंटमेंट मिळता मिळेना. वर्तमानकाळाच्या तक्त्यात हे नसतं, म्हणून भूतकाळातला मी आणि उस्तेद एवढं तरी कानावर घालून ये.

आता शाळा. माझी पोर वर्षाच्या मधेच वर्गात बसली, पहिल्या रिपोर्टात बाईंनी लिहिलं, नो आब्ला. बोलत नाही. पुस्तकातलं पहिलंच क्रियापद ना, लगेच कळलं. आजीशी अहिराणी, बापाशी मराठी, खालच्या दुकानदाराशी हिंदी, दिवसभर टकळी चालू असलेली पोर माझी! मला म्हणायचं होतं आब्ला मराठी, आब्ला हिंदी, तोवर भेटीची वेळ संपली होती. आता वर्गात बाईच तिला गप्प बस म्हणतात, तरी तो कागद फाईलमध्ये दिसला की माझं डोकं फिरतं.

एकटेपणाचं विचारलंस, तर येतो, कळण्याची भाकरी थापली की जातो, त्याचं फार घेऊ नको.

लेकीला मात्र निघायच्या आधी एक पूर्ण वाक्य घोटून घे, पुएदो इर आल बान्यो, मी बाथरूमला जाऊ का. आणि बाईंसाठी एक चिठ्ठी दप्तरात ठेव, तीन भाषा बोलते म्हणून, आब्ला त्रेस इदियोमास, पहिल्याच दिवशी दे.