मुलाला शाळेत आयरिशमधून सूट मिळाली नाही, तर डब्लिनच्या विद्यापीठात प्रवेश अडेल का?

नाही अडणार. तुम्ही लिहिलंय की मुलगा पुण्यात जन्मला, आठव्या वर्षी डब्लिनला आला, शाळेने आयरिश भाषेच्या सक्तीच्या विषयातून सूट द्यायला नकार दिला आणि त्याला यूसीडीत, म्हणजे युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये, इंजिनिअरिंग करायचंय. आयरिशमध्ये तो कच्चा आहे, म्हणून तुमची झोप उडालीय. इथल्या मराठी मंडळींमध्ये हा घोळ नेहमी होतो, कारण सूट एक नाही, दोन आहेत. त्या देणारे वेगळे आणि त्यांचे निकषही वेगळे.

पहिली शाळेची. ती शिक्षण खात्याच्या परिपत्रकानुसार मुख्याध्यापक देतात. बाहेरून आलेल्या मुलांसाठी ढोबळ नियम असा, की वयाच्या १२ वर्षांपर्यंतचं किंवा प्राथमिकच्या शेवटच्या वर्गापर्यंतचं शिक्षण आयर्लंडबाहेर झालेलं हवं आणि तिथे आयरिश शिकायची सोय नसावी. (वाचन-लेखनात गंभीर अडचण असलेल्या मुलांसाठी वेगळी तरतूद आहे.) आठव्या वर्षी आलेलं मूल यात बसत नाही. तेव्हा शाळेशी वाद घालू नका, त्यांनी नियमानेच केलंय.

दुसरी सूट विद्यापीठाची, आणि तुमचं काम तिच्याशी आहे. यूसीडी, कॉर्कचं यूसीसी, गॉलवे आणि मेनूथ ही चारही नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ आयर्लंडच्या, म्हणजे एनयूआयच्या छत्राखाली येतात. १९१३ पासून एनयूआयच्या मॅट्रिक्युलेशनला, म्हणजे प्रवेशाच्या किमान पात्रतेला, आयरिश लागतं. पण ज्याचा जन्म आयर्लंडच्या प्रजासत्ताकाबाहेर झाला, त्याला ही अट माफ होऊ शकते. शाळेत आयरिश शिकतोय की नाही, इथे कधी आला, हे त्यात आड येत नाही. पुण्यात जन्मलेला चालतो, तसा पलीकडच्या, उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये जन्मलेलाही चालतो!

म्हणजे तुमच्या मुलाने वर्गात आयरिश शिकत राहायचं, लीव्हिंग सर्टला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेला, पेपरही द्यायचा. बरा गेला तर त्याचे पॉइंट्स (प्रवेशासाठी मोजतात ते गुण) सहा विषयांत धरता येतात. नाही गेला, तर एनयूआयचा दरवाजा त्या एका विषयामुळे बंद होत नाही. मात्र मग बाकीचे सहा विषय नीट हवेत, त्यातल्या दोनांत किमान एच-५ आणि चारांत ओ-६ किंवा एच-७. (एच म्हणजे हायर लेव्हल, ओ म्हणजे ऑर्डिनरी; पुढचा आकडा श्रेणीचा, लहान तितका चांगला.)

आमच्याच घरात याची गंमत आहे. थोरली नाशिकची, धाकटा डब्लिनचा. दोघं एकाच शाळेत, एकाच बाईंकडे आयरिश शिकली. ती एनयूआयच्या अटीतून मोकळी आणि हा अडकलेला. धाकट्यासारख्या मुलांना ऑर्डिनरी लेव्हलला ओ-६, म्हणजे ४० टक्के, पुरतात. सगळ्यात सोपी फाउंडेशन लेव्हल मात्र चालत नाही, हे आधीच लक्षात घ्या. लीव्हिंग सर्टच्या आयरिशमध्ये ४० टक्के गुण तोंडी परीक्षेला आहेत. त्यामुळे व्याकरणात गटांगळ्या खाणारं मूल बोलण्याची तयारी चांगली करून सहज तरतं. आमचा भर सध्या तिथेच आहे.

आता ज्यांच्या मुलांना शाळेची सूट मिळालीय, त्यांच्यासाठी दोन शब्द, कारण त्यांना वाटतं लॉटरी लागली. आयरिश सुटलं की बरीच मुलं सातऐवजी सहाच विषय घेऊन बसतात. पॉइंट्स सहाच विषयांचे मोजतात, मग एखादा पेपर बिघडला तर सावरायला काही उरत नाही. माझं मत विचाराल तर आयरिशच्या तासाला मोकळं बसण्यापेक्षा सातवा विषय घ्यावा. शिवाय शाळेचं पत्र हातात आहे म्हणून एनयूआयला ते आपोआप कळतं असं नाही. तिथे वेगळा अर्ज करावाच लागतो.

भाषेचा प्रश्न आयरिशपाशी संपत नाही, तोही बघून ठेवा. एनयूआयच्या कला, वाणिज्य, वैद्यक अशा शाखांना पारंपरिकपणे तिसरी भाषा लागत आलीय, इंजिनिअरिंग आणि सायन्सला लागत नाही. अभ्यासक्रमागणिक फरक पडतो, म्हणून त्या-त्या वर्षीची माहिती पाहा. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आयरिशची सक्ती नाही, पण इंग्रजीशिवाय आणखी एक भाषा साधारणपणे मागतात, ती आयरिशही असू शकते. लिमरिकलाही आयरिश किंवा दुसरी एखादी भाषा लागते. डीसीयूला (डब्लिन सिटी युनिव्हर्सिटी) इंग्रजी किंवा आयरिश यांपैकी एक पुरते. आणि घरी अस्खलित बोलतो म्हणून मराठी दाखवू म्हणाल, तर तसं होत नाही. लीव्हिंग सर्टला जपानी आहे, अरबी आहे, पोलिश आहे, मराठी नाही. फ्रेंच किंवा स्पॅनिश सोडू देऊ नका.

(आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचं उदाहरण इथे कुणीतरी देतंच. मूळ मालवणजवळच्या वराडचं घराणं असलं तरी ते स्वतः डब्लिनमध्ये जन्मले, त्यामुळे ही जन्माची सवलत त्यांना लागूच नव्हती. आणि शिकले ट्रिनिटीत, जिथे आयरिशची अटच नाही.)

एका ठिकाणी कुठलीच सूट कामाला येत नाही, प्राथमिक शिक्षक व्हायचं असेल तर. तिथे आयरिशमध्ये हायर लेव्हलला एच-४ हवं. मुलीला शिक्षिका व्हायचंय आणि आयरिश सोडून दिलंय, अशी जोडी जमत नाही. हा विचार दहावी-बारावीच्या वयात नाही, आयरिश सोडतानाच करायला हवा.

पुण्यातला एखादा भाचा इथे शिकायला येणार असेल, तर त्याला यातलं काहीच नको. तो तिथून बारावी करून आंतरराष्ट्रीय विद्यार्थी म्हणून विद्यापीठाकडे थेट अर्ज करेल, त्याला आयरिश कुणी विचारणार नाही. तसंच ही सूट आणि फी यांचा काही संबंध नाही. फी ठरते नागरिकत्व आणि वास्तव्यावरून, तो हिशेब वेगळा.

अर्ज एनयूआयकडे करायचा, त्यांचं कार्यालय डब्लिनच्या मेरियन स्क्वेअरवर आहे, पण जायची गरज नाही, ऑनलाइन होतं. सीएओचा, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या केंद्रीय कार्यालयाचा, अर्ज १ फेब्रुवारीपर्यंत भरायचा असतो. त्या गर्दीत हे काम ठेवू नका, मुलगा फिफ्थ इयरला, म्हणजे शाळेच्या शेवटून दुसऱ्या वर्षाला, असतानाच उरका. जन्माचा पुरावा लागतो, आणि आपली माणसं नेमकी इथे अडतात. महापालिकेच्या जुन्या दाखल्यावर कित्येकदा बाळाच्या नावाची जागा कोरी असते, कारण बारसं नोंदणीनंतर झालेलं. तुमच्याकडचा दाखला आजच काढून बघा. नाव नसेल तर ते घालून घ्यायला पुण्यातलं कुणीतरी महापालिकेत पाठवावं लागेल.