पहिल्यांदा एसबीएलला जाताना
सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचर (एसबीएल) या बायबलच्या अभ्यासकांच्या संस्थेचं वार्षिक अधिवेशन नोव्हेंबरमध्ये, बहुतेक वेळा अमेरिकेत भरतं. एकाच वेळी कितीतरी सत्रं चालू असतात, बहुतेक अडीच तासांची. दिवसाला दोनच निवडा, तिसऱ्यात डोकं चालत नाही. निबंध वाचणार असाल तर 20 मिनिटांना इंग्रजीत 2,300 शब्द पुरे झाले. हिब्रू उतारे मोठ्याने वाचत बसू नका, हँडआउटवर द्या, आणि तेही पीडीएफ करूनच. दुसऱ्या संगणकावर तुमचा हिब्रू फाँट नसला की स्वरचिन्हं अक्षरांखालून सरकतात, कधी ओळीतल्या शब्दांचा क्रमच उलटतो. मग मुद्दा कितीही चांगला असो, ऐकणारा तिथेच अडकतो. प्रश्नोत्तरांचा वेळ खाऊ नका. निबंधाला खरी भर तिथेच पडते. पुस्तक प्रदर्शन शेवटच्या दिवशी लवकर आवरतं, तेव्हा सवलतीतली खरेदी आधीच उरका.