कॅथलिक स्वतःला ‘ख्रिस्ताच्या शरीराचे अवयव’ म्हणवतात, म्हणजे नेमके काय?

कॅथलिकांचे हे म्हणणे केवळ बोलण्यापुरते आहे की त्यामागे खरोखर काही श्रद्धा आहे, आणि ती आपल्या घरच्या लिंगायत परंपरेतील लिंगांगसामरस्याच्या, म्हणजे अंग (जीव) आणि लिंग (शिव) एकरूप होण्याच्या, जवळ जाते का, असे आपण विचारले आहे. मी सोलापूरचा कॅथलिक. शेजार बहुतेक लिंगायतांचा, त्यामुळे ही तुलना माझ्याही कानावरून गेलेली आहे.

ही श्रद्धा शब्दशः गंभीर आहे. नव्या करारात, ख्रिस्ती लोकांना धरून नेण्यासाठी दमास्कसकडे निघालेल्या शौलाला वाटेत वाणी ऐकू येते: ‘शौला, शौला, माझा छळ का करतोस?’ शौल छळत होता तो अनुयायांना; तरीही येशू ‘माझ्या माणसांचा’ न म्हणता ‘माझा’ म्हणतो. पुढे पौल या नावाने ओळखल्या गेलेल्या याच माणसाने करिंथकरांना लिहिले की, एक अवयव दुखावला की सगळेच अवयव त्याच्याबरोबर दुःख भोगतात. ख्रिस्त मस्तक, ख्रिस्तसभा (चर्च, म्हणजे श्रद्धावंतांचा समुदाय) शरीर आणि पवित्र आत्मा त्याचा प्राण, ही शिकवण पोप बारावे पायस यांनी २९ जून १९४३ रोजी, महायुद्ध ऐन भरात असताना, एका विस्तृत परिपत्रकातून मांडली.

माणूस बाप्तिस्म्याने या शरीराचा अवयव होतो आणि ख्रिस्तप्रसादाने, म्हणजे उपासनेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीने, त्यात पोसला जातो. आमच्या रविवारच्या मिस्सेत (उपासनेत) मराठी, तमिळ, मल्याळी अशा घरांतली माणसे एका रांगेत पुढे सरकतात. फादर गव्हाची पातळ, बेखमीर चकती समोर धरून ‘ख्रिस्ताचे शरीर’ म्हणतात आणि घेणारा ‘आमेन’ म्हणतो. संत ऑगस्टीन नवदीक्षितांना सांगत असत की, तुम्ही जे आहात त्यालाच हे ‘आमेन’ म्हणता. या एका वाक्यात मला सगळा विषय सापडतो.

आता आपली तुलना. षट्स्थलांतील, म्हणजे लिंगायत साधनेच्या सहा पायऱ्यांतील, शेवटचे स्थल ऐक्य आहे, आणि तिथे अंग व लिंग हे द्वैत उरत नाही, असे मी समजतो. आमच्याकडे मात्र भेद शेवटपर्यंत राहतो. निर्माता आणि निर्मित यांच्यातील सीमा पुसू पाहणारा गूढवाद पायस यांनी त्याच परिपत्रकात नाकारला आहे. मी ख्रिस्ताशी जोडला गेलो तरी ख्रिस्त होत नाही, आणि माझे पाप माझेच राहते. मृत्यूने मात्र हे नाते तुटत नाही. म्हणून २ नोव्हेंबरला आम्ही दिवंगतांसाठी प्रार्थना करतो आणि संतांनाही आमच्यासाठी विनंती करायला सांगतो.

सोलापुरात अमेरिकन मिशनच्या परंपरेतील प्रोटेस्टंट कुटुंबेही आहेत, तेव्हा ती या शरीराबाहेर का, हा प्रश्न ओघानेच येतो. १९४३ च्या परिपत्रकाची भाषा या बाबतीत मला कडक वाटते. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये स्पष्ट केले की, विधिवत बाप्तिस्मा झालेली ही माणसे ख्रिस्ताशी जोडलेली आहेत आणि कॅथलिक ख्रिस्तसभेशीही त्यांचे, अपूर्ण का होईना, खरे नाते आहे.