वाचकांचे प्रश्न : भांडण लंडनात, तारण शहापुरात

प्रश्न : सर नमस्कार. बेळगावात शहापुरात माझं छोटं दुकान आहे. मुलगा इंजिनिअर झालाय, दोन वर्षं उद्यमबागेत एका कारखान्यात काम करुलाय, आता इंग्लंडला जाऊन एमएससी करतो म्हणून हट्ट धरून बसलाय. एजंट म्हणतो शिक्षण झाल्यावर दोन वर्षं तिथं नोकरीची मुभा आहे, त्यात सगळं कर्ज फिटतंय. बँक म्हणती घर तारण ठेवा. आणि मोबाईलवर बघावं तर तिथं रोज नेत्यांची भांडणं, बाहेरच्यांना घालवा म्हणून मोर्चे. घरात बायको बोलायची बंद झालीया. काय करावं? (एक बाप, शहापूर)

दादा, आधी एजंटाचं ते दोन वर्षांचं बोलणं बघू, कारण तुमचा सगळा हिशोब त्याच्यावरच उभा आहे. शिकून झाल्यावर दोन वर्षं राहून नोकरी शोधायची ही सोय तिथं २०२१ च्या जुलैत सुरू झाली, ग्रॅज्युएट रूट म्हणतात तिला. पण १ जानेवारी २०२७ पासून जो अर्ज करेल त्याला दीडच वर्ष मिळणार, पीएचडीवाले तेवढे सोडून. म्हणजे २०२६ च्या सप्टेंबरात जाणारा मुलगा २०२७ च्या सप्टेंबरात शिकून बाहेर पडणार, त्याला दोन वर्षं मिळतच नाहीत. हे एजंटाला माहीत नसेल तर तो बिनकामाचा आणि माहीत असून सांगत नसेल तर त्याच्याकडं परत जाऊ नका.

आणि ही सोय पहिल्यांदाच हलली असंही नाही. २०१२ च्या एप्रिलमध्ये थेरेसा मे गृहमंत्री असताना अशीच दोन वर्षांची मुभा बंद केली होती, तेव्हा कितीतरी पोरं कोर्स अर्धा झालेला असताना अडकली. नऊ वर्षांनी परत उघडली, आता परत आखडती घेतली. दीड वर्षानंतर राहायचं तर स्किल्ड वर्कर व्हिसा लागतो, त्याची पगाराची अट वर्षाला २६,२०० पौंड होती ती २०२४ च्या एप्रिलमध्ये ३८,७०० केली आणि २०२५ च्या जुलैत ४१,७०० केली, नवख्या पदवीधराला सवलत आहे पण तीसुद्धा ३३,४०० पौंडांची. अट वाढवणारी दोन्ही सरकारं वेगवेगळ्या पक्षांची होती बघा, पहिलं काँझर्व्हेटिव्ह, दुसरं लेबर. म्हणून सरकार बदललं की सैल होईल या आशेवर कर्ज काढू नका.

आता आपला आकडा. समजा ३० लाख काढले, ११ टक्के, १५ वर्षं. हप्ता ३४ हजाराच्या आसपास बसतो. पण शिकताना आणि पुढं वर्षभर हप्ता नाही म्हणून बँक जे गोड सांगते त्या काळात व्याज चालूच असतं, दोन वर्षांचं साधं व्याज धरलं तरी ६ लाख ६० हजार, ते मुद्दलात गेलं की हप्ता साडेएकेचाळीस हजाराच्या पुढं जातो. मुलगा परत येऊन उद्यमबागेतच लागला तर हा हप्ता तो भरू शकेल का, एवढा एकच प्रश्न घरी चौघांनी बसून सोडवा. उत्तर नाही आलं तर घराचा कागद बँकेत देऊ नका, कमी फीचं कॉलेज बघा नाहीतर दोन वर्षं थांबून पैसे साठवा. मुलाला जाऊ नको म्हणत नाही मी. माझ्या वर्गातली किती पोरं गेली, चांगली राहिली. पण ती पडत्या भावाचा हिशोब करून गेली होती. आणि वहिनींशी बोला आधी, त्या गप्प आहेत म्हणजे त्यांचा होकार आहे असं धरू नका.

प्रश्न : निवडणूक नसताना तिथं पंतप्रधान कसे बदलतात? (कॉलेज विद्यार्थिनी, टिळकवाडी)

बाळ, तिथं लोक आपापला खासदार निवडतात, पंतप्रधान नाही. ज्या पक्षाचं बहुमत त्याचा नेता पंतप्रधान, नेता बदलला की पंतप्रधान बदलला. २०१९ च्या निवडणुकीनंतर २०२४ पर्यंत बोरिस जॉन्सन, लिझ ट्रस, ऋषी सुनक असे तिघे झाले. ट्रसबाई ४९ दिवस टिकल्या, आणि त्यांना निवडणारे होते काँझर्व्हेटिव्ह पक्षाचे वर्गणी भरणारे सभासद, मत द्यायचा हक्क असलेले सगळे मिळून १ लाख ७२ हजारांच्या घरात.

खरी मेख इथं आहे आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पक्षात नेता व्हायचं तर सभासदांना आवडेल ते बोलावं लागतं, देश चालवायचा तर दुसरंच करावं लागतं. लेबरचे तेव्हाचे नेते जेरेमी कॉर्बिन, २०१६ मध्ये त्यांच्याच १७२ खासदारांनी अविश्वास दाखवला, बाजूनं फक्त ४०, तरी सभासदांनी त्यांना परत निवडून दिलं. मग कीर स्टार्मर २०२० मध्ये नेते झाले ते विद्यापीठाची फी रद्द करू असं सांगून, २०२३ मध्ये ते वचन सोडलं, २०२४ मध्ये सत्तेत आले आणि २०२५ पासून फी ९,२५० वरून ९,५३५ पौंड झाली. सोडायला पैशाचं कारण होतं, असेलही, पण ज्या पोरांनी त्या वचनावर मत दिलं त्यांना काय वाटलं असेल.

आपल्याला हे परकं वाटायला नको. नेतृत्वाच्या भांडणात आपल्या महाराष्ट्र एकीकरण समितीचं काय झालं ते आपण भोगलंय, एका मतदारसंघात दोन गटांचे दोन उमेदवार, आणि २०१८ ला पण आणि २०२३ ला पण विधानसभेत समितीचा एकही आमदार नाही. १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनेच्या दिवशी, काळ्या फिती लावून चालणारी म्हातारी माणसं या भांडणात कुठं होती?

प्रश्न : तिथल्या पोरांवर पण कर्ज आहेच की, मग आपलं रडगाणं कशाला? (वाचक, निपाणी)

कर्ज आहे, पण जात वेगळी. इंग्लंडात १९९८ मध्ये फी सुरू झाली ती वर्षाला १,००० पौंड, २००६ ला ३,०००, २०१२ ला ९,०००. ही शेवटची उडी मारायला काँझर्व्हेटिव्हांना निक क्लेग यांच्या लिबरल डेमोक्रॅट्स पक्षानं साथ दिली, २०१० च्या निवडणुकीआधी फीवाढीविरुद्ध मत देऊ म्हणून लेखी वचन दिलेलं असूनसुद्धा, आणि २०१५ ला त्यांचे ५७ खासदार होते ते ८ झाले. पण तिथं २०२३ च्या ऑगस्टपासून पुढं कोर्स सुरू केलेल्या पोरानं वर्षाला २५,००० पौंडांच्या वर जेवढं कमावलं त्याचे ९ टक्केच द्यायचे. ३०,००० कमावले तर वर्षाला ४५० पौंड. नोकरी गेली की कापणं थांबलं, ४० वर्षांनी राहिलेलं माफ. कर्ज कसलं, जास्तीचा करच म्हणा, आणि चाळीस वर्षं मानेवर राहणार म्हणून ती पोरं चिडतात, ते मला पटतं. पण घर कुणाचं जात नाही. आपल्याकडं साडेसात लाखांच्या वर गेलं की सहसा तारण, जामीन बापाचा, आणि बँकेला मुलाच्या पगाराशी देणंघेणं नाही.

अजून एक गोष्ट. तिथल्या पोरांच्या फीला सरकारची मर्यादा, आपल्या पोरांच्या फीला नाही. विद्यापीठांचा खड्डा परदेशी पोरांच्या फीनं भरतो. म्हणजे पैसा हवा आणि माणूस नको, असं झालंय.

प्रश्न : बाहेरचे नकोत असं तिथले लोक म्हणतात तर आपल्याला राग येतो. पण सर, बेळगावात पण हेच चालतं ना? (वाचक, खानापूर)

हा प्रश्न वाचून मी दोन दिवस उत्तर लिहिलं नाही.

तिथल्या लोकांची बाजू आधी सांगतो. २०१० ला काँझर्व्हेटिव्ह म्हणाले निव्वळ स्थलांतर, म्हणजे आलेले वजा गेलेले, वर्षाला लाखाच्या खाली आणू, आणि २०२३ मध्ये आकडा ९ लाखांच्या पुढं गेला. घरभाडी चढलेली, दवाखान्यात नंबर लागत नाही. ज्याला तीनदा तेच वचन देऊन फसवलं तो माणूस चिडणार, त्याला सरसकट वर्णद्वेषी म्हणणं मला पटत नाही. २०२४ ला नायजेल फराज यांच्या रिफॉर्म यूके पक्षाला १४ टक्के मतं पडली ती याच रागातून. पण राग निघतो कुणावर? वचन देणाऱ्यावर नाही. रात्रपाळीला म्हाताऱ्यांचं अंथरूण बदलणाऱ्या केरळच्या नर्सवर, डबे पोचवणाऱ्या आपल्या पोरावर.

आणि आपलं. १९५६ पासून आपण सांगतोय की आम्ही बाहेरून आलो नाही, इथंच होतो, रेघ आमच्यावरून गेली. २००४ पासून सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. मराठीत अर्ज दिला म्हणून खिडकीवरून परत पाठवलेला मी स्वतः आहे, कुठल्या ऑफिसात ते नको, तो अपमान अजून जात नाही. म्हणूनच आपल्या तोंडी जेव्हा बिहारच्या गवंड्याबद्दल, राजस्थानच्या दुकानदाराबद्दल, किंवा गल्लीत चाळीस वर्षं राहणाऱ्या कन्नड शेजाऱ्याबद्दल 'बाहेरचे' हा शब्द येतो तेव्हा मला आत कुठंतरी दुखतं. हक्क मागणं वेगळं, माणूस हाकलणं वेगळं, आणि आपलं मागणं पहिलंच होतं.

तुम्ही खानापूरचे, तुमच्याकडची पोरं गोव्याला कामाला जातात. तिथं त्यांना काय म्हणतात ते एकदा विचारून बघा, आणि लिहून पाठवा, पुढच्या अंकात घेतो.