घर आणि काम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलुंडला आमच्या घराचं काम चालू आहे. हॉलसाठी पाच इंच रुंदीच्या सागवानी फळ्या आल्यात. हॉलमध्ये पुट्टी-रंग सुरू असल्यामुळे त्या खाली पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली ठेवल्यात. कंत्राटदार म्हणतो, आठ दिवस मुरू द्या, मग ठोकू. चालेल का? (मागच्या बेडरूममध्ये आम्ही राहतो. दोन्हीकडे एसी आहे.)

उत्तर : ताई, फळ्या आजच वर घ्या. पण हॉलमध्ये नको, तुमच्या बेडरूममध्ये. पुट्टी आणि रंग वाळताना त्यांचं पाणी हवेत येतं आणि लाकूड ते ओढून घेतं.

मुरणं म्हणजे दिवस भरणं नव्हे. जिथे फळी जन्मभर राहणार, तिथल्या हवेची तिला सवय व्हायला हवी. पावसाळ्यात पार्किंगमधली आर्द्रता सहज ८५ टक्क्यांवर असते. त्या हवेत लाकडातला ओलावा १७-१८ टक्क्यांकडे चढत जातो. एसीच्या खोलीत तोच १० टक्क्यांच्या आसपास येतो. सागाची पाच इंची फळी दर टक्क्यामागे रुंदीत साधारण पाव मिलिमीटर हलते, म्हणजे सहा टक्क्यांचा फरक धरला तरी प्रत्येक सांध्यात दीड मिलिमीटरची फट. दहा फुटांत २४ फळ्या बसतात. बेरीज करा, जवळजवळ दीड इंच होतो! आणि हा साग आहे, कमी हलणारं लाकूड.

खोके उघडा. फळ्या आडव्या रचा, लादीपासून दोन-तीन इंच वर, प्रत्येक थरामध्ये अर्ध्या इंचाच्या पट्ट्या आडव्या टाकून. भिंतीला उभ्या टेकवल्या तर बाक येतो. एसी रोज लावता तसाच लावा, जास्त नाही.

सुताराला मॉइश्चर मीटर आणायला सांगा. मधल्या थरातल्या पाच-सहा फळ्या मोजा. दोन-तीन दिवस आकडा हलला नाही की फळी तयार. सागाला दोन आठवडेही लागतात. तोवर हॉल वाळेल. तिथे नवीन कोबा केला असेल तर दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवा. दिवसभराने आतून घाम दिसला, तर अजून थांबा. एकदा रंग वाळला की हॉलचा एसीही चार दिवस आधीपासून चालवा.

माझ्या हातून दादरच्या एका घरात चूक झालीय. मे महिन्यात, छान सुकलेल्या फळ्या मी भिंतीपर्यंत घट्ट बसवल्या. जुलैत घरची मंडळी गावी गेली, एसी बंद, खिडक्या बंद. परत आली तेव्हा हॉलच्या मध्यभागी फरशी तंबूसारखी उचललेली. ते सगळं मी स्वखर्चाने उकललं. त्या घरातल्या आजी रोज समोर बसून बघायच्या, एक शब्द बोलल्या नाहीत. ते अजून टोचतं.

म्हणून चारी भिंतींशी १२ मिलिमीटर जागा सोडायला लावा, स्वतः उभं राहून. ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायच्या पट्टीखाली, झाकली जाते. आणि स्कर्टिंग भिंतीला ठोकायचं, फळीला नाही.